गल्लीची धान्यपेढी: ओल आणि भीड सांभाळून

सुगीत घरटी थोडं धान्य एका खोलीत ठेवायचं, आषाढ-श्रावणात ज्याला कमी पडेल त्याने उचलायचं आणि पुढच्या सुगीला थोडी भर घालून परत करायचं. धान्यपेढी म्हणजे एवढंच. तिला मोठं भांडवल लागत नाही, इमारतही लागत नाही. ती बुडते ती बहुतेक दोन कारणांनी. एक तर ओलं धान्य आत येतं, नाहीतर कुणाला तरी 'नाही' म्हणता येत नाही. खालची बहुतेक कलमं या ओलीच्या आणि भिडेच्या बंदोबस्ताचीच आहेत.

"रेशन मिळतं की, मग हे कशाला?" हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येतो. त्याचं उत्तर आकड्यांत द्यावं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ४०० ग्रॅम धान्य लागतं. पाच जणांच्या घराला दिवसाला २ किलो, महिन्याला ६० किलो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो, म्हणजे त्या घराला २५ किलो मिळतं. अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो. कर्नाटक राज्याच्या अन्नभाग्य योजनेची भर पडते, पण ती कधी धान्यात आली, कधी रोखीत. राहिलेली तूट एरवी मजुरीतून भागते. जून ते सप्टेंबर या काळात शेतातलं जुनं संपलेलं, नवं उभं, बी-खतावर पैसा गेलेला आणि पावसाने मजुरीचे दिवस तुटक. दुकानाची उधारी चढते ती याच महिन्यांत. पेढी त्या तीन-चार महिन्यांसाठी आहे, वर्षभराच्या पोटासाठी नाही.

घरं आणि नियम

एक गल्ली, वीस ते तीस घरं. पंधराच्या खाली साठा अपुरा पडतो. चाळीसच्या वर गेलं की कोणाच्या शेतात काय पिकलं हे एकमेकांना ठाऊक नसतं, आणि पेढी त्या माहितीवरच चालते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गावांत यात्रेची पट्टी गोळा करायची सवय आहेच. कोण देतं, कोण चालढकल करतं हे सगळ्यांना पाठ असतं. तीच यादी घेऊन बसावं. गल्लीत कन्नड बोलणारी घरं असतील तर ती पहिल्या बैठकीपासून हवीत, मागाहून बोलावलेली नकोत. शिवाय ग्रामपंचायत आणि तालुका कचेरीकडे जायचे अर्ज कन्नडमध्ये लिहिलेले बरे पडतात. समितीत कन्नड नीट लिहिणारं एक माणूस असलं की जागा मागण्यापासून दाखल्यापर्यंतची कामं अडत नाहीत. वही मात्र ज्या भाषेत गल्ली वाचते त्या भाषेत ठेवावी.

समिती पाच जणांची, त्यात किमान तीन बायका. घरात डब्याचा तळ कधी दिसतो हे त्यांनाच आधी कळतं. स्त्रीशक्ती संघ, म्हणजे बायकांचा बचत गट, चालवलेल्या बाईला हप्ता, वही, थकबाकी हे शिकवावं लागत नाही. खोलीला दोन कुलपं, दोन किल्ल्या दोन वेगळ्या घरांत. धान्य गोळा करण्याआधी पुढचे नियम मोठ्याने वाचून सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्यावेत. आधी धान्य आणि मग नियम असा क्रम लागला की प्रत्येक नियम कुणाच्या तरी विरोधात केल्यासारखा वाटतो.

१. देणंघेणं तागडीवर, किलोत. पायलीने नाही. दाबून भरलेली पायली आणि सैल भरलेली पायली यांवरून भांडणं होतात.
२. ज्या जातीचं धान्य उचललं तेच परत. भाताला भात, शाळूला (रब्बी ज्वारीला) शाळू.
३. शंभराला दहा भर.
४. पहिली उचल घरटी जास्तीत जास्त ३० किलो. दुसरी ऑगस्टनंतर, साठा उरला तरच.
५. एकूण साठ्याचा चौथा हिस्सा शिल्लक ठेवायचा. घर पडलं, पूर आला, घरात मोठं आजारपण आलं तरच तो काढायचा, आणि तोही पाचपैकी चौघांच्या सहीने.
६. उचल फक्त ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. आठवडी बाजाराचा आदला दिवस सोयीचा.

सहावा नियम किरकोळ दिसतो, पण भीड मोडायला त्याच्यासारखा उपाय नाही. रात्री दारात येऊन "वहिनी, तेवढं दहा किलो द्या, उद्या लिहू" असं म्हणणाऱ्याला नाही म्हणणं कुणालाच जमत नाही. वारच ठरलेला असला की वहिनींना नाही म्हणावंच लागत नाही.

भर किती घ्यायची यावर वाद होतोच. जुन्या सावकारीत सवाई म्हणजे शंभराचे सव्वाशे आणि दिढी म्हणजे शंभराचे दीडशे चालत. काहींना वाटतं भर मुळी नकोच. हिशेब करून बघा. पंचवीस घरं, घरटी सरासरी ३० किलो, म्हणजे ७५० किलो. चौथा हिस्सा, सुमारे १९० किलो, बाजूला. उरलेले ५६० किलो वाटले आणि शंभराला दहाने परत आले तर ५६ किलो वाढले. सुकण्यात, सांडण्यात, किडीत साठ्यातलं शंभराला तीन किलो गेलं असं धरलं तर २२ किलो घट. निव्वळ वाढ ३४ किलो. भर शंभराला पाच ठेवली तर वाढ २८ आणि घट २२. उरलेल्या सहा किलोंत पिशव्यांचा खर्चसुद्धा निघत नाही. भर नसेल तर पेढी दरवर्षी आक्रसत जाते. सवाई घेतली तर साठा भराभर फुगतो, पण तो ज्याच्यासाठी आहे त्याच्याच पोटातून. रोखीचं व्याज यात अजिबात आणू नये.

भूमिहीन घरांना धान्य ठेवायला जमणार नाही म्हणून बाहेर ठेवलं तर पेढी फक्त शेतकऱ्यांची होते आणि गरज ज्यांना जास्त ते उंबऱ्याबाहेर राहतात. त्यांच्याकडून सुगीच्या मजुरीतले ५ किलो आणि वाळवणाचे दोन दिवस काम, एवढ्यावर त्यांना पूर्ण सभासद करावं. रेशनचा तांदूळ मात्र पेढीत घेऊ नये. तो टिकत नाही, आणि एका खोलीत रेशनची पोती दिसली की नसता संशय येतो.

काय साठवायचं

भात ठेवावं, तांदूळ नको. टरफल ही भाताची स्वतःची कवचकुंडलं आहेत. ते काढलं की तांदळाला सोंडे लवकर लागतात आणि वासही येतो. गिरणीत १०० किलो भाताचा ६० ते ६५ किलो तांदूळ पडतो, तेव्हा ३० किलोची उचल म्हणजे खाण्याचा १८ ते १९ किलो तांदूळ. हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर फसवल्याची भावना होते. खानापूर आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात भात मुख्य ठेवावं. अथणी, रायबाग, चिकोडीच्या बाजूला शाळू. चौथ्या हिश्श्याच्या शिल्लक साठ्याला मात्र नाचण्यासारखं धान्य नाही. बारीक दाण्यात किडीला जागाच मिळत नाही, नीट वाळवलेला नाचणा वर्षानुवर्षं टिकतो. डोंगरकडेच्या गावांनी तो पेरणं कमी केलं आहे. पेढीने मागणी लावली तर पुन्हा दोन-चार वरकस तुकड्यांत येईल.

भातानंतरच्या मसूर, वाटाणा, हरभऱ्याचा मोह होतो. पहिल्या वर्षी कडधान्य घेऊ नये. भुंगेऱ्याची अंडी शेतातूनच शेंगांवर येतात, म्हणजे कीड पोत्याबरोबरच आत येते. पुढे घ्यायचंच झालं तर डाळ करून, किंवा किलोला ५ मिली एरंडेल चोळून.

खोली

७५० किलोला ५० किलोची पंधरा पोती होतात. दहा बाय दहाची खोली भरपूर झाली. देवळाची ओवरी, जुन्या शाळेची खोली, कुणाचा न वापरलेला माजघराचा भाग, काहीही चालतं. दोनच गोष्टी बघायच्या. पावसात भिंतीला ओल धरते का, हे जुलैत बघितलेल्या माणसाला विचारायचं. जानेवारीत सगळ्या भिंती कोरड्याच दिसतात. आणि दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी किंवा कृष्णाकाठचं गाव असेल तर २०१९ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ती खूण दाखवून घ्यायची. खोली त्या खुणेच्या वर हवी.

पोती जमिनीवर ठेवायची नाहीत. लाकडी फळ्यांचं घोडं, जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून. मागे हात घालता आला पाहिजे आणि झाडूही फिरला पाहिजे. खालच्या फटी सिमेंटने बुजवायच्या, खिडकीला बारीक जाळी, दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी. उंदीर बहुधा दाराखालूनच येतो.

पूर्वेकडच्या कोरड्या गावांत जुनी पेवं, म्हणजे धान्य ठेवायला जमिनीत खणलेले खड्डे, अजून कुठे कुठे आहेत. तिथे ती चांगली चालतात, कारण बंद पेवात हवा खेळत नाही आणि कीड गुदमरते. खानापुरात पेवाचा विचारही करू नये. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात तर साध्या बारदानाचाही भरवसा नाही, हवेतलीच ओल धान्य ओढून घेतं. तिथे आतून जाड प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या हवाबंद पिशव्याच घ्याव्यात.

ओल: इथे घाई केली की सगळं गेलं

साठवणीच्या भातात आणि शाळूत ओलावा शंभराला १३ च्या खाली हवा. नोव्हेंबरमध्ये मळणी होताना भातात तो १८ ते २० असतो. तसंच पोत्यात भरलं की आत ऊब धरते, बुरशी येते, तांदूळ पिवळा पडतो. शिवाय हिशेबही चुकतो: १८ टक्के ओलीचं १०० किलो भात १३ टक्क्यांवर आलं की सव्वाचौऱ्याण्णव किलो भरतं. म्हणजे १०० किलोची उचल घेतलेल्याने ११० किलो ओलं भात आणून टाकलं तर पेढीच्या हाती १०४ किलोसुद्धा लागत नाहीत. दहा किलो भरीतले सहा किलो पाणी होतं.

म्हणून तागडीच्या आधी तपासणी. दाताखाली दाणा 'कट्ट' असा फुटला पाहिजे, चेपता कामा नये. एवढ्यावर वाद होतो, तेव्हा मिठाची बाटली वापरावी. काचेची कोरडी बाटली घ्या. मीठ तव्यावर भाजून थंड करा. बाटलीत तिसरा हिस्सा धान्य, वर दोन-तीन चमचे मीठ, झाकण घट्ट. मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ च्या वर आहे, धान्य परत. चिकटलं नाही तरी ते १५ च्या खाली आहे एवढंच कळतं, म्हणून आणखी एक पूर्ण ऊन द्यायचं. बाटली सगळ्यांसमोर हलवायची. मिठाने नाकारलं तर कुणाचा राग कुणावर येत नाही.

वाळवण ताडपत्रीवर, दोन बोटं जाडीचा थर, तासातासाला पायाने किंवा फावड्याने हलवून, दोन ते तीन दिवस. डांबरी रस्त्यावर भात वाळवायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. खाली तापलेलं डांबर, वर ऊन, त्यात दाणा आतून तडकतो आणि गिरणीत कणी जास्त पडते. बियाण्याचं भात तर रस्त्यावर चुकूनही नको. संध्याकाळी वाळवण गोळा केल्याबरोबर पोत्यात भरायचं नाही. गरम धान्याला पोत्यात घाम फुटतो. रात्रभर ओसरीत झाकून निववून सकाळी, दंव ओसरल्यावर भरावं.

भरणं आणि राखणं

जुनी बारदानं उलटी करून झटकायची, उकळत्या पाण्यातून काढून दोन दिवस कडक उन्हात टाकायची. शिवणीत मागच्या वर्षीचे सोंडे बसलेले असतात. नवं धान्य खराब होण्याचं निम्मं कारण जुनं पोतं असतं. पोत्यात थरांमध्ये सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला घालावा. पाला ओलसर असेल तर घालूच नये. शाळूच्या कणगीत बिब्बे ठेवायची जुनी रीत आहे. ठेवावेत, पण पोरांचा हात पोचणार नाही असे, अंगाला उततात.

हवाबंद पिशवी भरताना वरची हवा दाबून काढायची, तोंडाला पीळ द्यायचा, पीळ दुमडून दोरीने आवळायचा, मग बाहेरचं पोतं शिवायचं. आतली कीड आणि धान्य मिळून प्राणवायू संपवतात आणि कीड मरते. इथे दोन चुका हमखास होतात: "बघू जरा कसं आहे" म्हणून मधेच पिशवी उघडणं, आणि घोड्याच्या खिळ्याने अस्तराला भोक पडणं. उघडलेली पिशवी त्याच वारी पूर्ण वाटून संपवावी.

ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या, ज्यांना लोक नुसतं 'धान्याच्या गोळ्या' म्हणतात, खोलीत आणू नयेत. त्यांतून निघणारा वायू माणसाला मारतो, त्यावर उतारा नाही, आणि पेढीची खोली सहसा कुणाच्या तरी झोपायच्या खोलीला लागून असते.

दर पंधरा दिवसांनी पाहणी. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा: आत गरम लागलं तर लगेच पोतं उन्हात. पोत्याखाली पीठ सांडलेलं दिसलं तर धान्य डंकलं आहे; ते पोतं बाजूला काढून आधी तेच वाटायचं किंवा विकायचं, आशेवर ठेवायचं नाही.

उचल, वही, थकबाकी

वहीत रकाने सहाच: तारीख, घर, धान्य, उचललेले किलो, परत करायचे किलो, सही. परत करायचा आकडा उचलीच्या दिवशीच लिहायचा. ३० लिहिलं की शेजारी ३३. तोच आकडा त्या घराच्या छोट्या वहीत. महिन्यातून एकदा सगळी वही पारावर वाचायची. नावं वाचायला लाजू नये. कोण उचलतो याची लाज पहिल्या दोन महिन्यांत जाते, कारण बरी घरंही उचलतात. किंबहुना पहिली उचल समितीतल्याच कुणी तरी करावी.

भाताची परतफेड संक्रांतीपर्यंत, शाळूची गुढीपाडव्यापर्यंत. पीक बुडालं तर मुद्दल पुढच्या सुगीवर ढकलावं, भर माफ करावी, पण मुद्दल माफ करू नये. माफीची बोली एकदा झाली की पुढच्या वर्षी पीक आलेलाही वाट बघतो. सवलत सगळ्या गल्लीला एकाच ठरावाने द्यावी, घर बघून नाही. पीक येऊनही परत न करणाऱ्याला पुढची उचल बंद, एवढीच शिक्षा पुरेशी असते. मजुरीवर जगणाऱ्या घराला सुगीतल्या मजुरीच्या धान्यातून दोन हप्ते पाडून द्यावेत.

सप्टेंबरअखेर चौथा हिस्सा तसाच राहिला असेल तर नाचणा ठेवावा आणि भात विकावं किंवा वाटून टाकावं. दोन पावसाळे पाहिलेलं भात नव्याबरोबर ठेवलं तर जुन्याची कीड नव्यात जाते. दसऱ्याच्या साफसफाईत खोली पूर्ण रिकामी, चुना मारलेली आणि आठवडाभर उघडी हवी.

एक फडताळ बियाण्याचं

दुसऱ्या वर्षापासून बियाणंही ठेवता येतं, पण खाण्याच्या पोत्यातून बी काढायचं नाही. भात स्वपरागी, त्यामुळे सोपं: शेताच्या मधल्या भागातला, एकसारखा पिकलेला तुकडा कापणीआधीच निवडायचा, भेसळीची रोपं उपटायची, मळणी वेगळी. इंद्रायणी, इंटाण, बेळगावचा बासमती या भाताच्या प्रत्येक जातीचं पोतं वेगळं आणि आत-बाहेर दोन्हीकडे चिठ्ठी. बाहेरची चिठ्ठी उंदीर खातो. शाळूत परपरागीकरण थोडं होतं, म्हणून शेजारी दुसरी जात नसलेलं शेत बघावं. संकरित मक्याचं बी ठेवण्यात अर्थ नाही, पुढच्या पिढीत कणसं एकसारखी येत नाहीत.

मेच्या पहिल्या आठवड्यात उगवण तपासावी, म्हणजे बी कमी पडलं तर कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातून आणायला वेळ राहतो. शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळायचे, फडकं आठ दिवस ओलसर ठेवायचं, मोड मोजायचे. भाताचे ८० च्या वर, शाळूचे ७५ च्या वर, सोयाबीन आणि भुईमुगाचे ७० च्या वर असतील तर बी चांगलं. भात ६० ते ८० मध्ये असेल तर त्या प्रमाणात बी वाढवून पेरता येतं. त्याखाली गेलं तर गिरणीत पाठवावं. रोप लागणीला एकरी १६ ते २० किलो बी लागतं, धूळवाफ पेरणीला (पावसाआधी कोरड्या रानात थेट पेरायला) ३० ते ४० किलो, तेव्हा कोण कशी पेरणार हे विचारूनच वाटणी करावी. रोपासाठी बी टाकण्याआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भात सोडावं, तरंगणारं पोचट काढून टाकावं, खालचं दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवावं.

भुईमूग शेंगेतच ठेवावा. सोयाबीन फार नाजूक: टरफल पातळ, पोतं आपटलं तरी उगवण घटते. चार पोत्यांपेक्षा उंच थप्पी नको, आणि ओढत न्यायचं नाही, दोघांनी उचलून ठेवायचं.

बी अदलाबदलीला कायद्याची अडचण आहे का, हे लोक विचारतात. २००१ च्या पीकवाण संरक्षण कायद्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखायला, पेरायला, बदलायला, वाटायला आणि विकायलाही मुभा आहे. बंदी आहे ती संरक्षित वाणाचं बी छापील नाव-लेबल लावून विकायला. म्हणून चिठ्ठीवर जात, शेताचं नाव, सुगीचं वर्ष आणि उगवणीचा आकडा एवढंच लिहावं आणि कंपनीच्या जुन्या छापील पिशव्यांत घरचं बी भरू नये.